कोणी अडवायला उठलं नाही

डिसेंबरच्या एकतीस तारखेला दुपारी चार वाजता अमृतने संसारातून चार महिन्यांची रजा जाहीर केली, आणि साडेचारच्या आत घरच्या ग्रुपवर बावीस जणांनी त्याला जोडलेले हात पाठवले.

संदेश त्याने तीन दिवस घासूनपुसून तयार केला होता. 'पन्नाशीत पाऊल टाकताना मन अंतर्मुख झाले आहे. नव्या वर्षी नर्मदामैयाच्या परिक्रमेस पायी निघण्याचा संकल्प केला आहे. सर्वांनी समजून घ्यावे.' शेवटचं वाक्य आधी 'सर्वांनी क्षमा करावी' असं होतं. पण क्षमा मागितली की लोक उगाच मागचं काय काय आठवत बसतात, म्हणून ते काढलं. 'समजून घ्यावे' यात थोडी फट ठेवली होती. त्या फटीतून कोणीतरी आत यावं, धाकट्या गोपालने म्हणावं, दादा, हे काय भलतंच. मायने डोळ्याला पदर लावावा. सीमाने, म्हणजे बायकोने, काही न बोलता दारात आडवं उभं राहावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. मग तो दोन दिवस आढेवेढे घेणार होता, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या प्रेमापुढे हात टेकून घरीच राहणार होता.

बावीस जणांनी समजून घेतलं. तेविसावी सीमा. तिने काहीच पाठवलं नाही, पण संध्याकाळी ती माळ्यावरून त्याची पाठीवरची पिशवी काढताना दिसली. अमृतला वाटलं, लपवून ठेवायला काढली असेल. तिने ती झटकली, उन्हाळी धुण्यासारखी उलटी करून वाळत घातली, आणि आत गेली.

हे सगळं रनाळ्याच्या लग्नापासून सुरू झालं होतं. वरातीत बँडपुढे अमृत नाचत होता. नाचत म्हणजे दोन्ही हात वर करून जागच्या जागी वजन बदलत होता. पण मनातून तो पंचवीस वर्षांपूर्वीचाच नाच नाचत होता. तेवढ्यात नवरदेवाच्या एका मित्राने अत्यंत आदराने त्याच्या दंडाला धरलं, गर्दीतून वाट काढत मांडवात नेलं आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर आबा, म्हणजे अमृतचे वडील हिंमतराव, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आधीच बसलेले. "अठे सावली शे, बाबा. आरामथून बठा," असं म्हणून तो मित्र गेला. दोघांपैकी कोणाला म्हणाला, याचा उलगडा अमृतला परतीच्या रस्त्यातही झाला नाही.

त्या आठवड्यात शहाद्याच्या डॉक्टरांनी साखरेची अर्धी गोळी सुरू केली. अर्ध्या गोळीचा अपमान पुऱ्या गोळीपेक्षा जास्त. माणूस धड आजारीही नाही. एकंदरीत पन्नाशीचं वय असंच अर्धवट. पोरांच्यात जाऊन बसलं की ती आवाज खाली करतात, म्हाताऱ्यांच्यात गेलं की ते सरकून जागा देतात. आता पन्नास खरोखर झाली होती का, यावरही घरात दोन मतं होती. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मागच्या एक जूनला झाली. माय म्हणायची, मास्तरांनी अख्खं वर्ष वाढवून घातलं, अजून पोळ्याला वेळ आहे. एरवी अमृत पोळ्याच्या बाजूने असायचा. संदेश लिहिताना मात्र त्याने जून धरला, कारण एकोणपन्नासाव्या वर्षी वैराग्य येणं जरा घाईचं दिसतं.

परिक्रमाच का, तर तिच्याबद्दल त्याला सगळं माहीत होतं. प्रकाशा या तीर्थगावाहून पुढे निघालेले परिक्रमावासी तापीच्या काठाकाठाने त्यांच्या गावातून जात. गेली वीस वर्षं त्यांच्या ओट्यावर 'नर्मदे हर'चा पुकारा झाला की चहा, आणि जेवणाची वेळ असली की भाकरी, हा घरचा नेम होता. ओट्यावर पाटी होती: 'अमृत हिंमतराव अन्नसेवा'. अमृत आलेल्यांशी ज्ञानेंद्रियं आणि कर्मेंद्रियं यांवर बोलायचा आणि वहीत त्यांचा अभिप्राय लिहून घ्यायचा. भाकरी सीमा टाकायची. अभिप्रायांत भाकरीचं कौतुक भरपूर होतं आणि ते सगळं अमृतच्या नावाने होतं.

एक जानेवारीला शेतात भरीत करायची पद्धत गोपालने दहा वर्षांपूर्वी पाडली. पोरं शहरात जाऊन केक कापतात त्यापेक्षा हे बरं, असं आबांना पटवून. केळीच्या बागेपलीकडे, विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यात हिरवी पांढुरकी वांगी टाकायची, साल काळी पडून सुटायला लागली की सोलून लाकडी बडगीत कुटायची. ऊन कोवळं, धूर तिखट, आणि सगळं घर एका सतरंजीवर. वर्षभरात वाटण्या, विहिरीचं पाणी, कोणी कोणाला कधी काय म्हटलं, यावरून जे जे अबोले धरलेले असत ते त्या दिवशी वांग्याच्या वासापुढे थोडे सैल पडत.

अमृत मुद्दाम उशिरा पोचला. चेहरा त्याने घरूनच थोडा उदास करून आणला होता.

"ये दादा," गोपाल म्हणाला. तो उकिडवा बसून काठीने वांगी फिरवत होता. बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेलं, पण उकिडवा बसायला त्याला अजून काही वाटत नव्हतं. "तुन्हंच काम करी ऱ्हायनू व्हतू. जागा पक्की व्हयनी. उद्या सकायनी सहा-चाळीसनी गाडी, शहादाथून खरगोन. तठून ओंकारेश्वर. खिडकीनी जागा दिन्ही तुले."

"उद्याच?"

"तूच लिखं ना, नव्या वर्षी. आखो उशीर करा तं ऊन लागी तुले. अन सोबत बी शे. आपली रेवाबाई नही का, गल्लीमानी, ती अन शहादान्या तीन बाया त्याच गाडीमा शेत. त्या बी परिक्रमालेच जाई ऱ्हायन्यात."

"बायांच्या सोबतीने जाऊ मी?"

"त्या तुले मांगे नही टाकतीन. मी सांगी ठेयेल शे."

अमृत सतरंजीच्या कडेला टेकला. टेकताना तोंडातून निघालेला 'आई गं' त्याने खोकल्यात बुडवला. गोपालची बायको मोहिनी मिरच्या आणि कांद्याची पात चिरत होती. नंदुरबारच्या कॉलेजात शिकलेली, म्हणून मोठ्यांशी ती जरा पुस्तकी बोलायची.

"दादा, एक विचारू? राग नाही ना येणार?"

आली वेळ, अमृतला वाटलं. आता ही विचारणार, जायलाच हवं का.

"विचार ना."

"तुमचं ते खिडकीजवळचं टेबल आहे ना, वहीचं. तिथे उजेड छान येतो. माझं शिलाई मशीन ठेवू का? चार महिनेच. तुम्ही आलात की लगेच उचलेन."

"ठेव," अमृत म्हणाला.

"मी काल मापच घेऊन ठेवलं. बरोबर बसतं."

भावेश, अमृतचा मुलगा, सुरतेहून दोन दिवसांसाठी आला होता. तो मोबाइल घेऊन समोर येऊन बसला. "पप्पा, एक फोटो. स्टेटसला टाकतो. इकडे नका बघू, थोडं लांब बघा. केळीकडे. हां. तोंड जरा मिटा. पार गेल्यासारखे दिसायला लागले तुम्ही."

"गेल्यासारखा?"

"म्हणजे, मनाने गेलेले. आणि नवे बूट घेऊ नका हं, चावतात. माझे जुने न्या. थोडे मोठे होतील, पण दोन मोजे घातले की झालं."

अमृतने आबांकडे पाहिलं. खाटेवर, उन्हात पाय सोडून ते बसले होते. मुलगा घर सोडून निघालाय आणि बाप उन्हात पाय शेकतोय, हे दृश्य त्याने संदेश लिहिताना कल्पिलं नव्हतं.

"आबा, तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलनं? जाय." आबांनी पायावरची माशी हाकलली. "कालदिन पारवर सगळासले सांगी बी टाकं. हिंमतरावना मोठा पोऱ्या परिक्रमाले जाई ऱ्हायना. सुकलाल म्हने, घरनं पुण्य शे. मी म्हनं, शे तं खरं. आते तू जाय म्हनजे व्हयनं."

"पण मागे तुमचं कसं..."

"मन्हं काय? मन्हं सगळं सीमा करस."

राहता राहिली माय. सिंधुबाईचं वय त्र्याहत्तर, डोळ्यांत पाणी यायला तिला निमित्त लागायचं नाही. टीव्हीवरच्या मालिकेतली सासू आजारी पडली तरी ती दोन वेळा जेवायची नाही. कळण्याच्या भाकरी थापत ती चुलीपाशी बसली होती. अमृत तिच्याजवळ सरकला. आवाज जरा दाटून आणला.

"माय, उद्या जाई ऱ्हायनू मी."

"हां भाऊ." तिने भाकरी उलटली. डोळे खरोखरच ओले होते. धुराकडून तोंड फिरवून तिने ते पुसले. "एक काम करशी? येतांना नर्मदाना गोटा लयजो. गोल देखी लयजो, चपटा नको. मागे तुन्हा मामानी चपटा लयना, देवघरमा बठस बी नही नीट."

सीमा बडगीजवळ बसून वांगी सोलत होती. हात काळे, बोटं भाजलेली, पण तिला त्याची सवय होती. अमृतने दोन वेळा खाकरून पाहिलं. मग तो तिच्यासमोर जाऊन बसला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "तुला काही वाटत नाही का?"

"वाटस ना."

"काय वाटस?"

"मोजा तीनच जोड शेत. पाच पाहिजेत. मागला साली नाशिकन्या बाया उन्थ्यात ना, त्या म्हनेत, ओला मोजाथून पाय फुटतस." तिने सोललेलं वांगं बडगीत टाकलं. "बाकी भरायनं सगळं. टावेल, चादर, तुमन्या गोळ्या एकशे वीस दिनन्या, वात्या. दिवा मी लहान ठेया. कमंडलू नको, बाटली बरी, फुटत नही. शूलपाणीना जंगलमा दुपारना चालानं नही. राजपिपलाना पुढे डावा हातनी वाट धरा, उजवी कारखाना कडे जास. खडीना रस्ता लागना का बूट काढू नका."

अमृत तिच्याकडे बघत राहिला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"वीस वरीसथून भाकरी खावाडी ऱ्हायनी मी त्यासले. जेवतांना मानूस बोलसच."

आता गोष्ट हाताबाहेर चालली होती. अमृतने गुडघ्याला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा गुडघा मात्र आज जरा..."

"त्यानी चिंता नको," गोपाल धुरातून म्हणाला. "बसनी परिक्रमा बी रहास, दादा. अठरा दिनमा व्हई जास. गादीना शिटा, वर पंखा. तुले पटत व्हई तं मी इचारस."

"मी पायी जाणार असं लिहिलंय."

"मंग पायीच जाय. कोन नही म्हनस."

खरंच होतं ते. कोण नाही म्हणत होतं?

भाकरी होत आल्या. भरीत कुटलं गेलं, वर पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. पानावर बसताना अमृतच्या हातात शेवटचं हत्यार उरलं होतं, आणि ते त्याने पहिल्या घासाआधीच काढलं.

"एकच काळजी आहे मला," तो आबांना म्हणाला. "केळीचं पाणी. रोज सकाळी साडेपाचला येऊन मी मोटर चालू करतो. मी नसलो तर बाग बघणार कोण?"

 भावेश मान खाली घालून भाकरी मोडू लागला. मोहिनीने गोपालकडे पाहिलं, गोपालने आबांकडे.

"सांगी दे आते," आबा म्हणाले.

"दादा," गोपालने तोंडातला घास गिळला, "ती मोटर मोबाइलवर शे. दोन वरीस व्हई गयात. मी घरथून बटन दाबस पाच वाजता. तू येस तव्हय ती चालूच रहास, पानीमा बुडेल शे म्हनून आवाज येत नही."

"पण मी रोज बटण दाबतो."

"ते बटन त्या मोटरनं नही. ते जुना बल्बनं शे. त्यानी वायर तुटेल शे."

"मग सांगितलं का नाही?"

"तुले सकायनं फिरनं व्हई जास. डॉक्टर म्हनेच ना, फिरा. आम्ही म्हनूत, कसाले बोलानं."

दोन वर्षं. पावसात, धुक्यात, बिबट्याची आवई उठली होती तेव्हा हातात काठी घेऊन, अमृत रोज पहाटे उठून एका मेलेल्या बल्बचं बटण दाबायला येत होता. आणि परत जाऊन, पाणी दिलं बरं का, असं सांगत चहा पीत होता. आणि अख्खं घर हो हो म्हणत होतं. घास त्याच्या हातातच राहिला. त्याला त्या क्षणी एवढंच समजलं की चार महिन्यांनी परत आल्यावर त्याच्या नसण्याची एकही खूण या घरात सापडणार नाही, टेबलावरचं शिलाई मशीन सोडलं तर.

"मी नही जात," तो म्हणाला.

"काय?"

"नही जात मी परिक्रमाले." इतका वेळ सांभाळलेली पुस्तकी भाषा त्याच्या तोंडून गळून पडली. "कसाले जाऊ? तुम्हले मी नको व्हयनू म्हनून? एक जन तरी म्हना का, ऱ्हाय? भाऊ तिकीट काढस, पोऱ्या फोटो काढस, माय गोटा मांगस. मी मरी गयू का?"

धूर सरळ वर जात होता. कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. या घरात इतकं खरं बोलायची रीत नव्हती, त्यामुळे पुढे काय करायचं ते कोणालाच सुचेना. आणि मग, हे सांगायला जरा वाईट वाटतं, पण सगळ्यांत आधी जे चेहऱ्यांवर आलं ते दुःख नव्हतं, गैरसोय होती.

"पन मी गावमा सांगी टाकं," आबा म्हणाले.

"शिट परत नही व्हत, दादा," गोपाल म्हणाला.

 मोहिनी बहुधा मनातल्या मनात मशीन पुन्हा उचलत होती.

सीमाने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्ही नही जात?"

"नही."

"नक्की?"

"नक्की. एकदाव सांगं ना."

"मंग मी जास," सीमा म्हणाली.

आबांना कमी ऐकू यायचं, पण हे त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. "कोठे?"

"परिक्रमाले. पिशी भरेल शे, जागा शे, सोबत रेवाबाई शे. गावमा सांगेल बी शे तुम्ही. हिंमतरावना घरनं मानूस जाई ऱ्हायनं, इतलंच ना?"

आणि मग जो गलका उठला तो अमृतने एकतीस तारखेपासून आपल्यासाठी राखून ठेवला होता.

"मम्मी, तू? चार महिने?" भावेशच्या हातातला मोबाइल पानात पडला. "मी होळीला येणार, तेव्हा घरी कोण?"

"वहिनी, आबान्या गोळ्या?" गोपाल. "सकायन्या तीन, रातन्या दोन, ती पिवळी जेवानाआधी का नंतर तेच आम्हले म्हाईत नही."

"ताई, असं एकदम नका ना," मोहिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखर रडू होतं. "मला एकटीला इतक्या माणसांचं नाही जमणार. तुम्ही तिखटाचा अंदाज पण सांगितला नाही कधी. आणि दूध? ती गाय तुमच्याशिवाय पान्हाच सोडत नाही."

"अन ओटावर येतीन त्यासले भाकरी कोन टाकी?" आबा कडाडले. "वीस वरीसना नेम शे घरना."

"ज्यानं नाव पाटीवर शे, तो टाकी," सीमा म्हणाली.

अमृत ऐकत होता. जाऊ नको, तुझ्याशिवाय कसं होईल, आमचं काय; एकेक वाक्य तंतोतंत तेच, फक्त पत्ता बदललेला. आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एक भांडं, एक गोळी, एक गाय बांधलेली. सीमा ते ऐकत असताना तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं. ती फक्त एकदा त्याच्याकडे वळली. सगळेच वळले. नवरा आहे, तो बोलेल आता.

अमृतने तोंड उघडलं. मोठं काहीतरी बोलायचं असं त्याच्या मनात होतं.

"मन्ही ती अर्धी गोळी," तो म्हणाला, "कोठे रहास?"

"कपाटमा, वरना खनमा. चष्माना डबीना मांगे."

"अन चष्मा?"

"फ्रीजवर ऱ्हास तुमना."

मोहिनीला त्याही अवस्थेत हसू आलं. अमृतला स्वतःची इतकी लाज रनाळ्यालाही वाटली नव्हती.

चुलीजवळून माय बोलली. मघापासून ती गप्पच होती, आणि सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ती आबांच्या बाजूने आहे, कारण पंचावन्न वर्षं ती आबांच्याच बाजूने होती.

"मी बी इचारं व्हतं एकदाव," ती आबांना म्हणाली. "इतलीच व्हती मी, सीमाइतली. तुमनी बहीन जाई ऱ्हायंथी, मी म्हनं, मी बी जास. तुम्ही काय म्हनात, याद शे?"

"मी काय म्हनू? मन्हं ध्यानमा नही."

"तुम्ही म्हनात, कांदा निंघी जाऊ दे, मंग जाय." तिने तव्यावरची शेवटची भाकरी काढली. "तो कांदा अजून निंघी ऱ्हायना."

आबा केळीकडे बघू लागले. अगदी भावेशने मघाशी अमृतला सांगितलं होतं तसं, लांब.

"जाऊ द्या तिले," अमृत म्हणाला.

हे तो मन मोठं करून म्हणाला, की आपलं जाणं परस्पर टळलं म्हणून, हे सांगणं अवघड आहे. बहुधा दोन्ही. पण म्हणाला, आणि परत म्हणाला, जरा मोठ्याने, कारण पहिल्यांदा कोणी मनावर घेतलं नव्हतं. "जाऊ द्या तिले. भाकरी मी टाकसू."

"तू?" गोपाल म्हणाला.

"शिकसू."

यावर मात्र सगळ्या घराचं एकमत झालं. कोणी हसायचं थांबेना. सीमासुद्धा हसली, काळ्या हाताने तोंड झाकून, आणि तिच्या गालाला राख लागली. भरीत निवून गेलं होतं, तरी सगळ्यांनी पोटभर खाल्लं.

दोन तारखेला सकाळी शहाद्याच्या स्टँडवर धुकं होतं. रेवाबाई आणि त्या तिघी पांढऱ्या साड्या नेसून मागच्या बाकांवर बसल्या होत्या, सहलीला निघालेल्या पोरींसारख्या. सीमाने भावेशचे जुने बूट घातले होते. अमृत पिशवी घेऊन वर चढला, ती तिच्या सांगण्याप्रमाणे पायापाशी ठेवली, मग तिच्या सांगण्याप्रमाणे तिथून काढून मांडीवर दिली.

"पिवळी गोळी जेवानाआधी," ती म्हणाली. "गायले पह्यले हाक मारा, मंग बठा. पीठ गरम पानीमा भिजाडा. मोहिनीवर चिडू नका, तिले कोनी शिकाडं नही."

"बरं."

"अन शेतमा जाशात ते जात ऱ्हा. फिरनं व्हस."

"बरं."

 खाली ड्रायव्हरने चहाचा कागदी कप फेकला आणि वर चढून गाडी सुरू केली. काचा थरथरायला लागल्या. अमृत उठला नाही. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, त्या जागेवर तो टेकला होता, आणि त्याचं गुडघा दुखणं नेमकं या वेळी थांबलेलं होतं.

"जाऊ नको," तो म्हणाला.

सीमाने मान वळवली. "काबर?"

त्याने कारण शोधलं. गाय आठवली, गोळी आठवली, आबा, ओटा, भाकरी, सगळं आठवलं. त्यातलं एकही तिला देण्यासारखं नव्हतं. काल तिने ते सगळं एकदा ऐकलं होतं.

"काही नही," तो म्हणाला. "असंच."

 मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी जवळ ओढली आणि बराच वेळ तिचा बंद पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिली. बंद चांगला घट्ट होता.

"असंच व्हतं तं," शेवटी ती म्हणाली, "इतला वरीसमा कव्हय म्हनता उनं नही?"

कंडक्टर दारातून वाकला. तोही पन्नाशीचाच असेल, पण केस काळेभोर केलेले. "ओ काका. येनार का ऱ्हानार?"

अमृतने सीमाकडे पाहिलं. ती खिडकीतून खरगोनच्या रस्त्याकडे बघत होती. रस्ता धुक्यात चार हातांपलीकडे दिसत नव्हता, तरी बघत होती.

"ऱ्हानार," तो म्हणाला, आणि खाली उतरला.